कोरडा झाडू

सेन्योरा एदेल्मिराने आम्ही यायच्या आदल्या रात्री
घर झाडून ठेवलं होतं.
परकी माणसं येणार, त्यांना असं कसं दाखवायचं,
म्हणून उरलेल्या दीड खोलीत
झाडू, सुपली, तोंडाला बांधलेलं स्वयंपाकाचं फडकं.
दाराशी राखेचे तीन ढीग. एका मापाचे.

निबाल्दोने ढिगांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मुखवट्याआड माणूस काय पुटपुटला ते कळत नाही,
झडपेची उघडझाप तेवढी ऐकू येते.

वाल्पाराइसोच्या या टेकडीवर घरं पत्र्याची
आणि पत्र्यांवर बंदरात उरलेला जहाजांचा रंग,
हळदी, जांभळा, कलिंगडाच्या फोडीसारखा लाल.
प्रवासी फोटो काढतात.
आम्ही जुन्या थरांतलं शिसं मोजतो.
आणि छपराला ते राखाडी सिमेंटचे पत्रे,
पोटात ॲस्बेस्टॉस घेऊन बसलेले.
आगीत ते लाह्यांसारखे फुटतात.
पन्नास वर्षं जे गपगुमान डोक्यावर होतं
ते पायाखाली येतं.

आधी भिजव, मग हलव.
पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात, बाकी सगळी पुरवणी.
पाण्यात साबणाचे दोन थेंब, म्हणजे ते घरंगळत नाही, मुरतं.
पिशवीत पिशवी. तिची मान पिळायची, दुमडायची, वर चिकटपट्टी.
भिंतीचं मात्र उलट: आधी कोरडा स्पंज,
एकाच दिशेने, मागे न वळता,
कारण काजळी तेलकट, पाणी लागलं की आत शिरते
आणि रंगाचे तीन हात दिले तरी डोकावते.
पाणी कुठे आधी आणि कुठे शेवटी
हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

छताच्या कोपऱ्यांत काळी जळमटं लोंबत होती.
"एवढे कोळी कधी झाले?" ती पायऱ्यांवरून ओरडली.
कोळी नाहीत, सेन्योरा. जळतानाच विणली गेली ही.

भिंतीवर ठिपक्यांच्या रांगा उमटल्या होत्या:
रंगाखाली बुजवलेले खिळे.
काजळी थंड जागा शोधून बसते.
तिला मी फोनवर फोटो दाखवला.
"सात," तिने मोजले. "मला म्हणाला होता, चारच मारले."
नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झालेली.

उशी? नाही.
बटणांचा डबा? धुऊन मिळेल.
मेंब्रियोचा मुरंबा, सहा बरण्या, झाकणं घट्ट आहेत हो...
नाही, सेन्योरा.
ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं.

"हे सगळं नेता कुठे?"
वर, वाळवंटाच्या बाजूला. खास खड्डा असतो.
प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी: काय, किती, कुठल्या घरातलं.
"म्हणजे माझा पत्ता जाणार तिकडे."
जाणार.
"मग नीट अक्षरात लिही."

मी झाडू मागितला.
तिने दिला नाही लगेच.
दांड्याला निळी पट्टी गुंडाळलेली, हाताला घट्टा पडू नये म्हणून.
"मी काही चुकीचं केलं का?"

खोटं बोलता आलं असतं.
एका रात्रीने काय होतं, म्हणता आलं असतं,
आणि ते बहुधा खरंही असेल, कुणाला ठाऊक.
मी म्हटलं, पुढच्या वेळी आधी ओलं करा.
पुढच्या वेळी!
ती हसायला लागली, मग मी,
मुखवट्याची काच आतून धुरकट होईपर्यंत.

झाडू दोन पिशव्यांत गेला. तिची शाल पण.
चिठ्ठीवर मी मोठं, सुटं अक्षर काढलं.
संध्याकाळी अंगावर पाणी घेतलं,
आधी अंगरखा, मग हातमोजे, मुखवटा सगळ्यांत शेवटी,
आणि केसांतून तरीही जळक्या रबराचा वास.

तिसऱ्या दिवशी वर चढताना
रस्त्यापासून तिच्या दारापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या ओल्या होत्या.
पाऊस नव्हता.
वरच्या वळणावर झारी उपडी ठेवलेली,
आणि शेजारणीच्या खुर्चीत ती, चप्पल भिजलेली,
निबाल्दोला बोट दाखवत:
"चाल आता."